जमीन जागेवर आहे, गुडघ्याचं काय?

आज करपा नाही, तुडतुडे नाहीत. आज रस्त्याबद्दल लिहितोय, आणि जरा रागानेच लिहितोय.

सातिवली फाट्यावर भाजीची पाटी गाडीला बांधून ज्याला रोज हायवे ओलांडावा लागतो, त्याला हा विषय शेतीबाहेरचा वाटणार नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली आणि आपला मुंबई-अहमदाबाद रस्ता देशभर गाजला. मागच्या सीटच्या पट्ट्यावर चर्चा झाली, पुलाच्या कठड्यावर झाली. पण जे मरत नाहीत, पाय मोडून घरी येतात आणि पुढची आवणी ओटीवर बसून बघतात, त्यांच्याबद्दल कोण बोलणार?

असा माणूस भरपाईचा दावा लावतो, तेव्हा समोरचा वकील सातबारा उचलतो आणि विचारतो, "जमीन जागेवर आहे ना? यंदा भातही झालं ना? मग बुडालं काय?"

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. तो हवेतून आलेला नाही. २००३ साली हरियाणाच्या जसबीर कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शेतकरी गेला तरी जमीन वारसांकडे राहते, म्हणून उत्पन्न बुडाल्याचा नेहमीचा नियम इथं जसाच्या तसा लागत नाही. पण शेती बघायला माणूस ठेवावा लागू शकतो, हेही त्याच निकालात आहे. कंपन्या पहिलं वाक्य मोठ्याने वाचतात, दुसरं गिळतात.

भात झालं, खरंय. कसं झालं ते विचारा ना. पोराने गाळ्यातली नोकरी सोडून चिखळणी केली, घरच्या बाईने दुप्पट रोपं लावली, झोडणीला मजूर आणले, त्यासाठी सोनं गहाण पडलं. कणगी भरलेली दिसते, गहाणाची पावती कुणी बघत नाही.

गंमत बघा. हमीभाव ठरवताना सरकार खर्च काढतं त्याला ए२ अधिक एफएल म्हणतात. त्यातलं एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. म्हणजे दिल्लीच्या कागदावर माझ्या घामाला भाव आहे. तोच घाम अपघाताच्या दाव्यात आला की फुकट? दोन्हीकडे माणूस तोच आहे राव.

दुसरा घोळ टक्क्यांचा. डॉक्टर लिहून देतात, अपंगत्व २० टक्के. कंपनी तेच २० टक्के कमाईला लावते. हे चूक आहे, आणि मी म्हणतो म्हणून नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. आता सांगा, गुडघा वाकत नाही तो माणूस आवणीला वाकणार कसा?

फरक किती पडतो? समजा वय ४३, कमाई महिना १२,००० धरली. वर्षाचे १,४४,०००. या वयाला गुणक १४. वीस टक्क्यांनी भरपाई येते ४,०३,२००. तेच कमाईचं नुकसान ६० टक्के मान्य झालं तर १२,०९,६००. एका आकड्यावर आठ लाख इकडचे तिकडे.

म्हणून कृषी सहाय्यक आणि कृषी पदवीधर मित्रांना माझी थेट मागणी आहे. आवणीला, कापणीला, वालाच्या तोडणीला एकरी किती माणूस-दिवस लागतात, त्यातलं किती काम वाकून, उकिडवं बसून किंवा डोक्यावर ओझं घेऊन होतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? ते सही-शिक्क्याने लिहून द्या. गरज पडली तर साक्षीला उभे राहा. खताच्या मात्रेवर तासभर बोलता, यावर अर्धा तास बोला.

आणि शेतकऱ्यांनी वही ठेवायची. कोण मजूर, किती दिवस, काय रोज, सही किंवा अंगठा. दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी, रिक्षाचं भाडंसुद्धा. मुदतीचंही ऐका. १ एप्रिल २०२२ पासून नियम असा की दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. ज्येष्ठात पाय मोडला तर कापणी-झोडणी उरकेस्तोवर मुदत संपते. दावा आपण राहतो त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणातही लावता येतो, ट्रकवाल्याच्या गावी जावं लागत नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे पैसे याहून वेगळे. मृत्यूला किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एका अवयवाला १ लाख, प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. "ते घेतले की कोर्टाचा दावा बुडतो" असं सांगत कुणी समझोत्याचा कागद पुढं केला, तर सही करायची नाही. तो कागद आधी आपल्या वकिलाला दाखवायचा.