जलोदरी रुग्णाचे वजन

यकृताच्या जीर्ण विकारात केसपेपरवरील वजनाचा आकडा पाहून वैद्य निश्चिंत होतो. आमच्या मते जलोदरात याहून फसवा आकडा दुसरा नाही. ६२ किलो वजनाचा, १६५ सेंटिमीटर उंचीचा रुग्ण कागदावर सुपोषित ठरतो. परंतु उदरात जलसंचय पुष्कळ असेल तर १५ टक्के आणि दोन्ही पायांवर शोथ असेल तर आणखी ५ टक्के वजन वजा करावे, असा यकृततज्ज्ञांचा संकेत आहे. उरतात जेमतेम ५० किलो. म्हणजे तोच रुग्ण कृश! रक्तातील अल्ब्युमिनचाही येथे भरवसा नाही. ते यकृतातच तयार होत असल्याने त्याची घट पोषणापेक्षा यकृताच्या अवस्थेविषयीच अधिक सांगते.

चरकाच्या विमानस्थानातील दशविध परीक्षा आपण सर्वांनी (बहुधा पदवीपुरती) पाठ केली. तीत प्रमाणासोबत सार, संहनन, आहारशक्ती व व्यायामशक्तीही आहे. आणि आहारशक्ती अभ्यवहरण व जरण अशा दोन्ही अंगांनी पाहावयाची आहे. रुग्णास किती भाकरी जाते, चार घासांतच पोट भरते काय, हाताच्या आधाराविना खुर्चीवरून उठता येते काय, खांदे व कानशिले ओसरली आहेत काय, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. दंडाच्या मध्यावर मोजपट्टी लावून घेर नोंदवावा. तेथे पाणी सहसा साचत नाही; त्यामुळे महिन्यागणिक होणारा मांसक्षय लपत नाही.

हे काहीच न मोजता पथ्य सांगण्याची आपली सवय आम्हांस अधिक चिंताजनक वाटते. काविळीत आठवडा-दोन आठवडे पाळावयाची बिनतेलाची खिचडी आणि उसाचा रस सिरोसिसच्या रुग्णास महिनोन्‌महिने दिला जातो. वर संकष्टी व एकादशी आहेतच. निरोगी मनुष्याची दोन-तीन दिवसांच्या उपवासाने जी अवस्था होते, ती या रुग्णाची एका रात्रीत होते, कारण यकृतातील ग्लायकोजेनचा साठा तुटपुंजा असतो. मग शरीर स्वतःचा मांसधातूच खर्ची घालते. युरोपीय यकृत संघटनेने २०१८ साली प्रतिकिलो १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि निजण्यापूर्वी अल्पाहार सुचविला, तो यासाठीच. आपल्याही उदरचिकित्सेत दुग्धाहारास मानाचे स्थान आहे. विरेचन योजण्यापूर्वी बलपरीक्षा आवश्यक, हे तर निराळे सांगावयास नको.

औषधालयाच्या चालकांनाही आमची एक विनंती आहे. यकृताचे औषध नेण्यास वारंवार येणाऱ्या ग्राहकाच्या सदऱ्याच्या बाह्या सैल आणि कमरेची नाडी मात्र अपुरी पडू लागलेली दिसल्यास, पुढची बाटली देण्यापूर्वी त्यास वैद्याकडे धाडावे.