पाळणा लांबवायचा, तर भार कुणी उचलायचा?

प्रसूतीनंतरच्या वॉर्डात एक संवाद नेहमी कानावर येतो. दुसरे मूल झालेले असते. सासूबाई म्हणतात, ‘आता ऑपरेशन उरकूनच घरी नेऊ.’ नवरा मान हलवतो. जिचे ऑपरेशन व्हायचे तिला कुणी विचारत नाही. ते नवऱ्याचेही होऊ शकते, हे तर कुणाच्या गावीही नसते.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. महाराष्ट्रात स्त्री नसबंदीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्या राज्यात शंभर वर्षांनंतर ‘साधन निवडणे’ म्हणजे ‘बाईचे ऑपरेशन’ एवढाच अर्थ उरावा, हे खटकणारे आहे.

साधनांची तुलना करताना पहिला प्रश्न खात्रीचा. कोणतेही साधन न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणांकडे वर्षभरात गर्भधारणा होते. नेहमीच्या, म्हणजे चुकतमाकत होणाऱ्या वापरात, निरोधबाबत हे प्रमाण सुमारे १३, रोजच्या गोळ्यांबाबत ७ आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनबाबत ४ असते. तांबी आणि दोन्ही प्रकारच्या नसबंदीत ते एकापेक्षाही कमी. ‘आम्ही काळजी घेतो’ असे सांगत वीर्यस्खलनापूर्वी बाजूला होणाऱ्या जोडप्यांत ते २० च्या घरात जाते. ज्या साधनात रोज आठवण ठेवावी लागते तिथे चूक होतेच. तांबीला आठवण लागत नाही. खात्रीतला फरक मुख्यतः यातून येतो.

पण खात्री हा एकच निकष नाही. तांबी पाच किंवा दहा वर्षे चालते, हवी तेव्हा काढता येते, प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. मात्र सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. त्यामुळे तांबी बसवताना हिमोग्लोबिन पाहणे, लोहाच्या गोळ्या देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. ‘अंतरा’ इंजेक्शन कुणाच्या नजरेत न येता घेता येते. त्यात पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर होऊ शकतो. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरते आणि साधन सोडते.

‘माला-एन’सारख्या संयुक्त हार्मोनच्या गोळ्या बहुतेक तरुण स्त्रियांना मानवतात. परंतु उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास किंवा डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी असेल तर त्या टाळाव्यात. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईनेही त्या घेऊ नयेत. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही सांगायचे राहून जाते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘छाया’ गोळी हार्मोनविरहित आहे आणि स्तनपान करताना चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा ती घ्यायची. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी ही नावाप्रमाणे तातडीपुरतीच. तिला नेहमीचे साधन करू नये. आणि लैंगिक संसर्गापासून, एचआयव्हीपासून संरक्षण देणारा या सर्वांत फक्त निरोध.

उरते नसबंदी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत, टाक्याची असो वा दुर्बिणीची, पोटात शिरावे लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागेवर भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. तिच्यात शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या तेवढ्या बंद होतात. पुरुषी हार्मोन तयार होणे, ताठरता, ताकद यांत काही बदलत नाही. पथ्य एकच: पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत याची खात्री करायची. शस्त्रक्रिया सोपी, धोका कमी, तरी प्रमाण ०.३ टक्के. ‘काम करायची ताकद जाते’ हा गैरसमज आणि आणीबाणीतील सक्तीची आठवण या दोन्हींचे ओझे आजही बाईच्या पोटावर आहे.

सक्ती पुन्हा कधीही नको, ना पुरुषावर ना स्त्रीवर. हवी ती वेळेवर मिळालेली पूर्ण माहिती. कळा सुरू झालेल्या बाईला साधन ‘निवडायला’ लावणे ही निवड नव्हे. गरोदरपणातील तपासणीलाच नवऱ्यालाही बोलावून सर्व पर्याय दोघांपुढे ठेवले पाहिजेत. आशाताईंइतकीच ही जबाबदारी पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांनी घ्यावी. ग्रामीण रुग्णालयात पुरुष नसबंदी करणारा प्रशिक्षित डॉक्टर ठरलेल्या दिवशी खात्रीने भेटावा.

सर्वांना चालेल असे एकच साधन नाही. लग्नाला सहा महिने झालेल्या जोडप्याची गरज वेगळी, दोन मुलांच्या आईबापांची वेगळी. म्हणून ‘कोणते साधन चांगले?’ याच्याआधी ‘तुला काय हवे?’ हे तिला विचारले जावे. आणि मुले पुरे झाली असतील, तर ‘ऑपरेशन कुणाचे?’ हा प्रश्नही घरात एकदा तरी निघावा.