मन्याचे श्वास

या आठवड्यात मी वाचन, लेखन, लोकसंपर्क काहीही केलं नाही. आमच्या मन्याचे श्वास मोजले. दिल्लीच्या मयूर विहारातली नोव्हेंबरातली हवा तुम्हाला सांगायला नकोच, गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर हाकेच्या अंतरावर. झोपलेल्या मांजराचे मिनिटाला २० ते ३० श्वास ठीक; मंगळवारी रात्री मन्याचे ५२ भरले. मान लांब, कोपरं फाकलेली, पोट भात्यासारखं, मग तोंडच उघडलं. कुत्र्याने धापा टाकल्या तर पाणी द्यावं. मांजराने टाकल्या तर तडक रिक्षा बोलवावी, सकाळची वाट बघणं हा शुद्ध गाढवपणा. शेजारच्या आंटींनी मध सुचवला, पुण्याहून मावशीने ओव्याचा शेक, आणि एका शहाण्याने पॅरासिटामोलची पाव गोळी! अहो, तेवढ्यानेही मांजर मरतं, त्याच्या यकृताला ती झेपत नाही. डॉक्टरांनी त्याला आधी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, जरा सावरल्यावरच एक्स-रे काढला. निघाला दमा. आता दोन वेळा स्पेसरला छोटा मास्क लावून पंप द्यायचा, दहा श्वास होईपर्यंत नाकावर धरायचा. पहिल्या दिवशी ओरखडे मोजून सात. घरातली उदबत्ती मी कायमची बंद केली. सासूबाई तीन दिवस बोलत नव्हत्या. देवाला फूल पुरतं, असं माझं ठाम मत आहे. काल रात्री २६ भरले, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘पुन्हा एकदा मोज गं.’