सर्वांत मोठे गिऱ्हाईक

मोठे गिऱ्हाईक जो माल मागते, तोच माल बाजारात तयार होऊ लागतो. पेढीवर बसणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. देशातील असे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकार. कचेरीतील कागदापासून रुग्णालयातील चादरीपर्यंत सारे ते विकत घेते. म्हणून ते काय घेते आणि कोणाकडून घेते, या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे.

पहिल्या गोष्टीचे उदाहरण एलईडी दिव्याचे. वीज वाचविणारा हा दिवा २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीतही सुमारे ३१० रुपयांना पडत होता. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने देशभराची मागणी एकत्र करून निविदा काढल्या. २०१६ मध्ये तोच दर ३८ रुपयांपर्यंत उतरला आणि दिवा सामान्यांच्या घरी पोहोचला.

दुसऱ्या गोष्टीसाठी केंद्र सरकारचे २०१२ चे खरेदी धोरण आहे. २०१८ च्या सुधारणेनुसार केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यातील ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी राखून ठेवलेली आहे. अशा उद्योगांना निविदापत्र विनामूल्य मिळते आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेत २०१९ पासून ‘वुमनिया’ हा स्वतंत्र विभागही आहे.

व्यापारी कुटुंबांनी येथे दोन बाबी ध्यानी घ्याव्यात. ही सवलत माल उत्पादित करणाऱ्यांसाठी व सेवा देणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्यास ती लागू नाही. तसेच भागीदारीत स्त्रियांचा हिस्सा किमान ५१ टक्के असावा लागतो.

खरी कसोटी मात्र कागदावर होत नाही. अनेक घरांत सुनेच्या नावे पेढी असते. परंतु दर ठरवितात सासरे, बँकेत जातो मुलगा आणि सून दाखविलेल्या जागी सही करते. कर्ज थकले किंवा नोटीस आली, तर जबाबदार मात्र तीच ठरते. राखीव हिस्सा अशा पेढीने मिळविला, तर स्वतःच्या हाताने कापडी पिशव्या शिवून घेणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भगिनीची संधी हिरावली जाते. नियम पाळल्याचे दिसते, पण सचोटी उरत नाही.

याच्या उलट, सुनेला खरोखर उद्योग सोपविणेही अवघड नाही. निविदा तिने वाचावी, नमुना तिने पसंत करावा, खात्याचे व्यवहार तिने पाहावेत. माल स्वीकारल्यानंतर ४५ दिवसांत पैसे न मिळाल्यास कायद्याने व्याज मागता येते, हेही तिला ठाऊक असावे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना गादीवर बसवून जे शिकविले, तेच तिला शिकवावे. मग पाटीवरचे नाव तिचे आहे, असे कुटुंबाला निःसंकोच म्हणता येईल.