संकोचाचे दुखणे

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला रात्री तीन-चारदा उठावे लागते, लघवीची धार मंदावते, एस.टी.च्या लांबच्या प्रवासाची धास्ती वाटू लागते. तरीही ‘वय झाले’ असे म्हणून तो गप्प बसतो. घरात बोलण्याचा संकोच आणि शस्त्रक्रियेची भीती ही या मौनाची दोन कारणे होत.

मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढली की मूत्रमार्ग आवळला जातो. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु तपासणीवाचून तसे गृहीत धरणेही शहाणपणाचे नाही. दुर्लक्ष झाल्यास लघवी एकाएकी तुंबते, मूत्राशय दुर्बल होतो आणि मूत्रपिंडांनाही इजा पोहोचू शकते.

औषधांनी भागले नाही, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा वाढलेला भाग खरवडून काढणे, हा आजवरचा प्रमाण उपाय. तो गुणकारी आहे. पण त्यासाठी रुग्णालयात राहावे लागते, रक्तस्राव संभवतो आणि अनेकांमध्ये वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ लागते. अलीकडे सौम्य पर्याय पुढे आले आहेत. अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेल्या ‘युरोलिफ्ट’मध्ये काहीही न कापता बारीक टाच्यांनी ग्रंथी बाजूला ओढून धरली जाते. ‘रेझूम’मध्ये पाण्याची वाफ सोडून वाढलेला भाग आक्रसवला जातो. ग्रंथीच्या रोहिण्यांत सूक्ष्म कण सोडून तिचा रक्तपुरवठा रोखण्याचीही पद्धत आहे.

मात्र नवे ते सर्वांनाच हितकर, असे मानणे चूक ठरेल. फार मोठ्या ग्रंथीला टाचे पुरे पडत नाहीत. वाफेचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि आरंभी काही दिवस नळी बाळगावी लागते. पुन्हा उपचार करावे लागण्याचा संभवही खरवडण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असतो. तेव्हा निवड जाहिरातीवरून न होता ग्रंथीचा आकार, इतर व्याधी आणि रुग्णाची इच्छा यांवरून व्हावी. प्रत्येक मार्गाचे लाभ, उणिवा आणि खर्च रुग्णाला उमजेल अशा भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

ते सांगण्याची संधी मात्र रुग्णानेच वेळेवर द्यावयास हवी. मूत्राशय एकदा पुरता थकला, की कोणताही उपचार त्याची गेलेली शक्ती परत देण्याची हमी देऊ शकत नाही.