परक्या वाटांची निवड

मागील अंकीं आम्हीं घरांतील राउटरविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनींनीं पृच्छा केली आहे, कीं घराबाहेर पडलेला संदेश परक्या संस्थांच्या जाळ्यांतून आपली वाट कशी शोधतो? प्रश्न मार्मिक आहे. आणि त्याचें उत्तर ‘जवळची वाट’ असें मात्र नाहीं.

इंटरनेट म्हणजे हजारों स्वतंत्र जाळ्यांचा समूह. प्रत्येक जाळें शेजाऱ्यास कळवितें, ‘अमुक पत्ते माझ्याकडून गांठतां येतील.’ या देवघेवीच्या नियमांस बीजीपी म्हणतात. एकाच ठिकाणच्या दोन वाटा कानीं आल्या, तर राउटर प्रथम आपल्या मालकाची पसंती पाहतो, व ती बहुधा पैशाच्या हिशेबानें ठरलेली असते. ती समान असली तरच वाटेंत किती जाळीं लागतात हें मोजतो. परंतु या सर्वांच्या वर एक नियम आहे: जी वाट अधिक नेमका पत्ता सांगेल, तीच धरावयाची. नुसती पेठ सांगणाऱ्यापेक्षां घरक्रमांक सांगणाऱ्यावर आपण विसंबतों, तसेंच हें.

हा विश्वास केवढा महाग पडतो, तें २४ फेब्रुवारी २००८ रोजीं दिसलें. पाकिस्तानांत यूट्यूब बंद करण्याची सरकारी आज्ञा झाली होती. त्यासाठीं पाकिस्तान टेलिकॉमनें यूट्यूबच्या २५६ पत्त्यांची वाट आपल्याकडे असल्याचें जाहीर केलें. ही गोष्ट देशाच्या आंतच राहावयाची. पण ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीस पोंचली, व तिनें ती न पडताळतां जगभर पुढें कळविली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांची, म्हणजे कमी नेमकी! जगाची रहदारी पाकिस्तानकडे वळली आणि तेथेंच गडप झाली.

सुमारें ८० मिनिटांनीं यूट्यूबनेंहि त्याच २५६ पत्त्यांची घोषणा केली. आतां नेमकेपणांत दोघे सारखे. तेव्हां पसंती आणि लांबी यांवर निकाल लागूं लागला, व कांहीं जाळीं परतलीं, कांहीं नाहींत. मग यूट्यूबनें १२८ पत्त्यांचे दोन तुकडे जाहीर केले. आरंभापासून दोन तासांहून अधिक काळ लोटल्यावर हाँगकाँगच्या कंपनीनें ती वाट मागें घेतली, तेव्हां कोठें प्रकरण मिटलें. आमच्या मतें चूक करणाऱ्याहून ती पुढें ढकलणाऱ्या या मध्यस्थाचा दोष मोठा.

आज पत्त्यांच्या हक्काचे सहीबंद दाखले तपासण्याची व्यवस्था, जिला आरपीकेआय म्हणतात, पुष्कळ जाळ्यांनीं स्वीकारली आहे. परंतु तो दाखला घोषणेच्या मूळ धन्यापुरता; मधली वाट खरी कीं बनावट, हें त्यावरून कळत नाहीं.