‘भरपूर पाणी प्या’ म्हणता, पण मग जायचं कुठं तेही सांगा!

मार्च सरला की आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात मुतखड्याचे पेशंट वाढतात. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही, मेडिकलच्या काउंटरपाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. दरवर्षी तेच चालू. दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर, पेपरात लेख, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड. सगळ्याचं सार एकच, भरपूर पाणी प्या. सल्ला खोटा नाही. पण ज्याला तो देता त्याचा दिवस कसा जातो, याकडे कुणी बघत नाही. माझं भांडण तिथं आहे.

आधी खडा होतो कसा ते बघू. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड विरघळलेलं असतं. उन्हात सगळं पाणी घामावाटे गेलं की लघवी कमी आणि दाट होते, आणि पाक जास्त आटला की कडेला साखर धरते तसं हे क्षार खडा धरतात. इटलीतल्या पार्मा शहरात एकदा खडा होऊन गेलेल्या १९९ लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना परत खडा झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्के लोकांना. १९९६ साली हे छापून आलंय. म्हणजे निम्म्याहून जास्त त्रास नुसत्या पाण्याने टळतो.

पण डॉक्टर पाण्याचं माप सांगतात ते खरं तर लघवीचं माप असतं. दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. त्यासाठी सावलीत बसणाऱ्याला तीन लिटर पाणी लागेल, ४४ डिग्रीत राबणाऱ्याला चार-पाचसुद्धा. आणि अडीच लिटर लघवी म्हणजे दिवसातून आठ-नऊ वेळा जाणं.

आता सांगा, कुठं जायचं? केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या बाईने? साड्यांच्या दुकानात दहा तास उभं राहणाऱ्या पोरीने? वीटभट्टीवर, एसटीच्या लांबच्या फेरीवर, ट्रकवर? खडा पुरुषांना जास्त होतो हे खरं, आणि पुरुष कुठल्याही भिंतीला उभे राहतात हेही खरं. पण प्यायचं थंड पाणीच जवळ नसेल तर भिंत काय कामाची? बायकांचं दुखणं वेगळं. त्या सकाळी घरून निघताना पाणीच पीत नाहीत. विचारा घरात. हा अडाणीपणा नाही, हिशोब आहे. लघवी तुंबवून वर इन्फेक्शन होतं, आणि वारंवारच्या इन्फेक्शननेही एका जातीचा खडा होतो.

कायदा नाही असं समजू नका. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनेच पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह दोन्ही सक्तीचे केले होते, अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणीसुद्धा. ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच महापालिकांना बजावलं की बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं देणं हे तुमचं काम आहे. मागच्या आठवड्यात एका बसस्टँडवर (नाव घेत नाही) बायकांच्या बाजूला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, तर ‘साहेब जेवायला गेलेत’. साहेबांना कुठं जायचं ते माहीत असणार.

आणि या सगळ्यात चांदी होते ती खडा पाडून देणाऱ्यांची. बिअर प्या म्हणे! दारूने लघवी होते आणि अंगातलं पाणी उलट कमी होतं. टोमॅटो बिचारा उगाच बदनाम. ऑक्झलेट बघायचंच तर पालकाचं बघा. दूध-दही बंद करणारे तर डोकंच फिरवतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते बंद केलं तर खड्याचा धोका वाढतो. कमी करायचंय ते मीठ. लोणचं, पापड, फरसाण, आणि हो, आपली शेवभाजीसुद्धा, मलाही वाईट वाटतं. लिंबूपाणी चांगलं, पण त्यात मूठभर मीठ टाकू नका. बोअरच्या जड पाण्यावर सगळं बिल फाडून मोकळं होऊ नका.

पाच मिलीमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, दहाच्या वरचा सहसा नाही. त्यामुळे ‘माझ्या पुडीने पडला’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, केवढा होता? दुखण्यासोबत थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली तर पुडी, पानफुटी सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. किडनी जाऊ शकते, जीवही. दुसरं, ऑपरेशननंतर आत स्टेंटची नळी ठेवतात. दुखायचं थांबतं, माणूस विसरतो आणि काही महिन्यांत त्या नळीवरच खडे धरतात. ती कधी काढायची, ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय बेडवरून उठू नका.

केरळातल्या शाळांत २०१९ पासून ‘वॉटर बेल’ वाजते, घंटा झाली की पोरांनी पाणी प्यायचं. आपल्याकडे किती शाळांत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे, बादलीत पाणी आहे, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी एकदा जाहीर करावं. नगरपालिकेने बाजारपेठेत बायकांसाठी किती जागा आहेत आणि त्यातल्या किती उघड्या असतात, ते सांगावं. मुकादमाने आणि मालकाने रानात पाण्याचे जार आणि आडोसा द्यावा. ताडपत्रीचा आडोसा काही महाग नाही.

कमेंटमध्ये ‘निसर्गोपचार करा’ लिहू नका. तुमच्या गावच्या स्टँडवरच्या, बाजारातल्या, शाळेतल्या स्वच्छतागृहाचा फोटो टाका, जागा आणि तारीख लिहा. कुलूप असेल तर कुलपाचा टाका. पुढच्या सोमवारी सगळ्यांचे प्रिंट काढून नगरपालिकेत देणार आहे. बरोबर यायचं असेल त्याने सांगा.